कमी म्हणजे कोणापेक्षा कमी?

मी एसटीत कंडक्टर आहे. दिग्रस-पुसद, दिग्रस-यवतमाळ, अधूनमधून आर्णीकडची फेरी. बसमध्ये बाईचा आवाज मोठा असावा लागतो, आणि माझा होता. मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाला मी पुढच्या दारातून उठवत असे. त्यामुळे पुसदच्या अलीकडच्या चढावर, भर दुपारी, "पुढे सरका" एवढं म्हणताना माझा श्वास मध्येच तुटला, तेव्हा मला आधी राग आला. भीती नंतर आली.

मी दांडा धरून उभी राहिले. ड्रायव्हर भाऊंनी आरशातून पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली.

"काय झालं ताई?"

"काई नाई. चालू द्या," असं म्हणून मी डबल घंटी मारली. पण पुसद येईपर्यंत एकही तिकीट मला उभ्याने फाडता आलं नाही.

पुढे पाय सुजायला लागले. रात्री धाप लागायची म्हणून एकीच्या दोन उशा झाल्या. दिग्रसच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग विचारलं, "लहानपणी ताप येऊन गुडघे सुजले होते का?"

सुजले होते. आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची आणि मी ओट्यावर पाय पसरून बसलेली असायची, गुडघे भोपळ्यासारखे. सगळे म्हणाले, गेला ताप. तो गेला नव्हता. गुडघे सोडून हृदयाच्या एका झडपेला धरून बसला होता, आणि इतकी वर्षं ते दार आकसत आलं होतं. यवतमाळला तपासणी झाली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं: झडप बदलावी लागेल. छाती उघडून, हृदय थांबवून. तेवढा वेळ मशीन हृदयाचं आणि फुप्फुसाचं काम करील.

ऑपरेशन सरकारी योजनेतून एका मोठ्या हॉस्पिटलात व्हायचं ठरलं. हॉस्पिटल कोणतं आणि कोणत्या शहरातलं, ते मी लिहिणार नाही. माझं भांडण तिथल्या भिंतींशी नव्हतं.

भांडण कशावरून झालं ते सांगण्याआधी एक गोष्ट सांगावी लागेल. ऑक्सिजन हा आमच्या घरात साधा शब्द नाही. माझे मिस्टर वायरमन होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला, आणि दोन-तीन दिवसांत बोलताना धाप लागायला लागली. कोणाच्या तरी ओळखीने एक गाडी आणि एक सिलिंडर मिळालं. सिलिंडर माझ्या दोन पायांच्या मध्ये उभं, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि गाडी यवतमाळच्या रस्त्याला. दारव्हा मागे पडलं तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात आला होता. मी काट्याकडे पाहत होते आणि ते माझ्याकडे. यवतमाळात बेड कुठेच नव्हता. तिसऱ्या हॉस्पिटलच्या फाटकासमोर गाडी थांबली तेव्हा काटा शून्यावर होता. त्यांनी माझा हात धरला होता तो तसाच राहिला, फक्त पकड गेली. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. आता ती यवतमाळला कॉलेजात शिकते, आणि ऑपरेशनच्या वेळी माझ्यासोबत तीच होती.

तर, वॉर्ड. सकाळची वेळ. एक तरुण डॉक्टर हातात कागद घेऊन घाईघाईने आला. आधी बाजूच्या खाटेवर गेला. तिथे झरी जामणीकडच्या जंगलातल्या एका गावची कोलाम आदिवासी बाई होती, माझ्याहून थोडी लहान. तिच्याही झडपेचंच होतं. तिचे अंगठे घेऊन तो माझ्याकडे वळला.

"ताई, इथे सही. आणि इथे."

पहिला कागद ऑपरेशनचा होता. तो मी वाचला आणि सही केली. दुसराही वाचायला घेतला. माझा बाप जिनिंगमध्ये हमाल होता, पण रोज संध्याकाळी निळ्या कोटातल्या फोटोखाली बसवून तो माझ्याकडून पेपर मोठ्याने वाचून घ्यायचा. वाचल्याशिवाय सही केली तर स्वतःला गहाण टाकलं समज, असं तो म्हणायचा. त्या दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं की हॉस्पिटल एक अभ्यास करत आहे, आणि त्यात हार्ट-लंग मशीनवर असताना काही रुग्णांना कमी प्राणवायू देण्यात येईल.

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"हे काय हाय?"

"स्टडी आहे ताई. रुटीन आहे."

"प्राणवायू म्हंजे ऑक्सिजनच नं?"

"हो."

"कमी म्हंजे कोणापेक्षा कमी?"

त्याने घड्याळ पाहिलं. "ते टेक्निकल आहे. तुम्हाला नाही समजणार."

"हाफ तिकीट काहून फुल झालं, हे मी दिवसभर लोकायले समजावते. तुमी सांगून तं पाहा."

तो थोडा चिडला. म्हणाला, "सही नाही केली तर नंबर मागे जाऊ शकतो."

मुलीने माझं कोपर दाबलं. "आई, करून टाक नं. ऑपरेशन होऊ दे." तिचा चेहरा मी पाहिला. बाप गेला होता, आता आई अशी. पण मी पेनाचं टोपण लावलं आणि पेन त्याच्या हातात परत दिलं.

तो गेल्यावर मी बाजूच्या बाईला विचारलं, "अंगठा कायचा दिला वं?"

"ऑपरेशनचा."

"दोन दिले नं?"

"हो. दोन."

"दुसरा कायचा?"

तिने अंगठ्यावरच्या शाईकडे पाहिलं. "मले काय माहीत. त्यानं हात धरला अन् लावला."

तोपर्यंत मी स्वतःसाठी चिडले होते. आता मी नीट चिडले.

मोठे सर्जन राउंडला आले तेव्हा त्यांच्या मागे डॉक्टरांची रांग होती, त्यात तो तरुण डॉक्टरही होता. मी खाटेवर उठून बसले, पाय खाली सोडले.

"साहेब, मले दोन गोष्टी इचारायच्या हायेत."

"ताई, राउंड चालू आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"म्हनूनच आता इचारून राह्यली. या कागदावर सही नाई केली तं माझं ऑपरेशन मागं जाते काय?"

सर्जननी चष्म्यावरून मागे पाहिलं. "असं कोणी सांगितलं?"

तरुण डॉक्टर हातातले कागद चाळायला लागला. मी बोट दाखवलं नाही.

"नाही जात," ते मला म्हणाले.

"जरा मोठ्यानं सांगा. या बाईले बी ऐकू जाऊ द्या."

 मग ते वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणाले, "अभ्यासाला नाही म्हटलं तरी कोणाचंही ऑपरेशन थांबणार नाही." आणि माझ्याकडे वळले. "दुसरं?"

दुसरं विचारताना माझा श्वास संपला. "कमी" म्हटलं आणि पुढचा शब्दच येईना. मी खाटेची कड धरली. ते थांबले. घाई केली नाही, माझ्या तोंडातला शब्द स्वतः बोलले नाहीत. एवढं त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. श्वास आल्यावर मी प्रश्न पुरा केला. त्यावर ते म्हणाले, "हे भूल देणाऱ्या मॅडम जास्त चांगलं सांगतील. आज दुपारी येतील."

मॅडम खरंच आल्या. स्टूल ओढून बसल्या. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. ऑपरेशनच्या वेळी अंगातलं काळपट रक्त नळीने बाहेर मशीनमध्ये जातं. तिथे त्यात ऑक्सिजन मिसळतो, ते लाल होतं आणि दुसऱ्या नळीने परत अंगात जातं. किती ऑक्सिजन मिसळायचा ते मशीन चालवणारा माणूस ठरवतो. कमी पडू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी निरोगी माणसाच्या रक्तात असतो त्याहून बराच जास्त ठेवायची पद्धत पडली आहे. पण काही डॉक्टरांना शंका आहे की हा जास्तीचा ऑक्सिजनही त्रास देत असेल, किडनीला, मेंदूला, खुद्द हृदयाला. म्हणून चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार: काहींना नेहमीसारखा जास्त, काहींना निरोगी माणसाइतका.

"जास्त ऑक्सिजनचा त्रास?" मी म्हणाले. माझा आवाज चढला आणि मी तो उतरवला नाही. "मॅडम, माझा माणूस ऑक्सिजन सरला म्हनून गाडीत मेला. माझ्या खांद्यावर. अन् तुमी मले सांगून राह्यल्या का ते जास्त होते?"

मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.  मॅडमनी सांत्वन केलं नाही, ते बरं झालं.

मग म्हणाल्या, "त्यांना कमी पडला, हे खरंच आहे. जास्तीचा त्रास देतो, हेही खरं असू शकतं. दोन्ही."

"असू शकते म्हंजे? तुमाले पक्कं माहीत नाई?"

"नाही. माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?"

वीस वर्षांहून जास्त नोकरीत मी साहेब लोक पुष्कळ पाहिले. "नाही माहीत" असं सरळ म्हणणारा साहेब क्वचित पाहिला. मी थोडी नरमले.

"अन् मशीनवर असताना माह्या रक्तात कमी पडला तं?"

"एक हद्द ठरलेली आहे. त्याच्या खाली जायला लागला की चिठ्ठी बाजूला. लगेच वाढवायचा. पूर्ण वेळ एक माणूस फक्त तेच पाहत बसलेला असतो."

 त्या दिवशी गाडीत काट्याकडे पाहणारी मी एकटी होते, आणि पाहण्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं. इथे पाहणारा माणूस होता आणि त्याच्या हातात वाढवायची चावीही होती.

"मंग या कागदावर 'कमी' काहून लिवलं?" मी विचारलं. "निरोगी माणसाएवढा, असं लिवा नं. कमी म्हटलं का आमच्याकडे एकच गोष्ट समजते."

मॅडमनी कागद घेऊन वाचला. मराठी कागद त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच नीट वाचला असावा. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत असं नाही. पण हाताने बदलता येत नाही, अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीकडे पाठवावं लागतं."

"मंग पाठवा. या शब्दावर मी सही करत नाई. अन् आधी या बाईले सांगा, जसं मले सांगितलं तसं."

भेटायच्या वेळेला कोलाम बाईचा नवरा आला. मॅडमनी त्याला मराठीत सांगितलं, त्याने तिला कोलामीत. ती मध्ये मध्ये त्याला थांबवून विचारत होती, तो मॅडमना विचारत होता. हात मशीनच्या नळ्या दाखवल्यासारखे फिरत होते. शेवटी ती थेट मॅडमशी मराठीत बोलली.

"आधी मले कोनं इचारलं नव्हतं. आता इचारलं. तं नाई."

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, आणि तिच्या अंगठ्याचा तो कागद त्यांनी तिच्यासमोर रद्द केला. बाई आडवी झाली आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला. मला वाटतं, पदराखाली ती हसत होती.

माझं ऑपरेशन मात्र त्या खेपेला झालंच नाही. त्याचं कारण माझी दाढ. झडप बदलायच्या आधी दात तपासतात, कारण किडलेल्या दाढेतले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. माझी एक दाढ पार पोखरलेली निघाली. ती काढून, जखम भरून आल्यावर परत या, असं सांगितलं.

दिग्रसला परतले तर माझ्या आधी बातमी पोचली होती: भांडली म्हणून हाकलून दिलं. दाढेवर कोणाचा विश्वासच बसेना. माझे दीर ओट्यावर येऊन बसले.

"वहिनी, जाऊन माफी मागा त्या डॉक्टरची. आपल्याले गरज हाय, त्यायले नाई."

"माफी कायची भाऊजी? वाचलं म्हनून?"

"डॉक्टरसमोर तोंड चालवत असते काय कोनी?"

"बस बंद पडली तं तुमीच मले इचारता, काहून बंद पडली, कवा चालू होते. इथं तं माझंच हृदय बंद करून राह्यले."

ते उठून गेले. मी मुलीला म्हणाले, चहा टाक. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आई, तू मेली असती नं या भांडणात, तर मी तुला कधी माफ केलं नसतं."  ती बरोबर होती. मीही होते.

दाढेची जखम भरून आली आणि आम्ही परत गेलो. कागद घेऊन आला तो तोच तरुण डॉक्टर. मी मनातून तयारीत होते. तो मात्र स्टूल घेऊन बसला, कागद माझ्यासमोर धरला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागला. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात: नाही म्हटले तरी उपचारात फरक पडणार नाही. खाली "कमी" हा शब्द नव्हता. काही रुग्णांच्या रक्तात प्राणवायू निरोगी माणसाइतका ठेवला जाईल, काहींच्या रक्तात त्याहून जास्त, असं साध्या मराठीत होतं. कोणता गट बरा, हे अजून माहीत नाही, असंही होतं.

"समजलं का ताई?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो होतो. नंबरचं."

"समजलं. आता पेन द्या."

मी हो म्हटलं. डॉक्टर गेल्यावर मुलगी भडकली. "त्या बाईला नाही म्हणायला लावलं आणि स्वतः हो?"

"मी तिले काईच लावलं नाई. तिनं तिचं ठरवलं, मी माझं."

का हो म्हटलं, हे मला तेव्हा तिला सांगता आलं नाही. आता थोडं सांगते. माझा माणूस गेला तेव्हा कोणाला किती मिळाला, किती पुरला असता, हे कोणी पाहिलं नाही, लिहिलं नाही. माझं बरंवाईट जे व्हायचं ते कोणीतरी नीट पाहावं, असं मला वाटलं. फुकट जाऊ नये, एवढंच.

ऑपरेशनच्या खोलीत मशीन पाहिलं. नळ्या, चाकं, वर काटे नाहीत तर आकडे. ते चालवणारे सर मास्कच्या वरून बघत म्हणाले, "घाबरू नका ताई."

"घाबरत नाई. तुमी फक्त डोये उघडे ठेवजा."

ते हसले. नंतरचं मला माहीत नाही.

शुद्ध आली तेव्हा घशात नळी होती आणि बोलता येत नव्हतं. माझ्यासारख्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. नळी निघाली, पण मग लघवी कमी झाली, डोळे सुजले, आणि डॉक्टर लोक माझ्या लघवीच्या पिशवीकडे बघून एकमेकांशी हळू बोलायला लागले. किडनी रुसली होती. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. मी मॅडमना विचारलं, "हे त्या ऑक्सिजनमुयं झालं काय?"

"असेल. नसेलही. अशा ऑपरेशननंतर असं पुष्कळांचं होतं. तुम्ही कोणत्या गटात आहात हे सांगायची मलाही परवानगी नाही."

मला तेव्हा खूप राग आला, आणि थोडा पस्तावाही. दोन्ही मी कोणाला दाखवले नाहीत. पुढे हळूहळू किडनी ताळ्यावर आली. मी कोणत्या गटात होते ते मला अजून माहीत नाही.

घरी आल्यावर दीर भेटायला आले. फळं आणली होती, पण बोलायचं ते बोललेच. "म्हंजे शेवटी त्यायनं तुमच्यावर प्रयोग केलाच. उंदीर केला वहिनी तुमचा."

"उंदराले कोनी इचारत नाई, भाऊजी. अन् इचारलं असतं तरी त्यानं कागदातली चूक काढली नसती."

मुलगी आतून जोरात हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली.

आगारात मला टेबलावर बसायला सांगितलं, हलकं काम म्हणून. काही महिने बसले. मग डॉक्टरांचं लिहून आणलं आणि गाडीवर परत गेले. आवाज अजून पहिल्याइतका नाही. पण मागच्या सीटपर्यंत जातो.

पहिल्या वर्षाच्या तपासणीला गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर ती कोलाम बाई बसली होती, नवऱ्यासोबत. तब्येत सुधारली होती, गालावर मांस आलं होतं. आम्हा दोघींच्याही छातीत धातूची झडप. शांत जागी बसलं की घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. ती माझ्या जवळ सरकली, कान लावून माझी ऐकली आणि मला तिची ऐकवली.

"तू हो म्हनली, मी नाई म्हनली," ती म्हणाली, "अन् आवाज सारखाच."

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. दार उघडंच होतं. डॉक्टर नवीन होता, मान खाली घालून भराभर लिहीत होता. त्याने गोळ्यांचा कागद पुढे केला तसा नवऱ्याने घ्यायला हात केला. तिने नवऱ्याचा हात बाजूला सारला.

"ही नवी गोयी कायची हाय?" तिने विचारलं. "आधीची काहून बंद केली?"

डॉक्टर म्हणाला, "बाहेर सिस्टर सांगतील."

ती खुर्चीवरून उठली नाही. "तुमी सांगा," ती म्हणाली, आणि पदर सावरून नीट बसली.

मागे रांगेतला एक माणूस कुरकुरला. मी त्याच्याकडे वळून पाहिलं, बसमध्ये पाहते तसं. तो गप्प झाला. आत डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.